सुकण्यातली घट

"एकतीस नऊशे," इंदूवहिनी म्हणाल्या आणि काट्याचा आकडा स्थिर व्हायच्या आतच गोणी उतरवायला लागल्या.

"जरा दमानं. काटा थांबू दे," मी म्हटलं.

"थांबून पानं जड होनारेत का, बाई?"

बाकीच्या चौघी हसल्या. काटा थांबला. आकडा तोच होता. मी तो वहीत लिहिला. दुसरी गोणी तेहतीस दोनशे भरली, तिसरी एकोणतीस सातशे. बेरीज चौऱ्याण्णव किलो आठशे ग्रॅम.

भरायला हवे होते एकशे चार. सकाळी बायका यायच्या आधी मी नाल्याकाठच्या अळवाच्या पट्ट्यात पाच ठिकाणी मीटरभराची चौकट टाकून तेवढ्यातली पानं कापून तोलली होती. त्यावरून सगळ्या पट्ट्याचा अंदाज निघतो. माझे अंदाज सहसा चुकत नसत. तरी दर भाद्रपदात साधारण नऊ टक्के कमी भरायचे. हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी मी काटा बदलून पाहिला होता. दुसऱ्या वर्षी मला कारण सापडलं, असं वाटलं: कापलेली पानं गोणीत जाईपर्यंत दोन-तीन तास बांधावर पडून असतात, तेवढ्यात त्यांतलं पाणी उडून जातं. मी वहीत एक रकाना आखला, पहिल्या वर्षाचा आकडाही त्यात भरला आणि वर लिहिलं, 'सुकण्यातली घट'. मार्गशीर्षातल्या कापणीला ही घट नसायची. त्याचं कारण मी थंडी आणि दव असं नोंदवून ठेवलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. एकदाही ऊन पडलं नव्हतं आणि दोनदा भुरभुर पाऊस येऊन गेला होता. तरीही मी त्या रकान्यात 'नऊ किलो दोनशे' लिहिलं आणि वही मिटली.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. जागा खाडीजवळच्या एका औद्योगिक वसाहतीच्या टोकाला, नऊ एकर. तिथे नटबोल्टांवर मुलामा देणारा कारखाना होता. मी गेले तेव्हा तो बंद पडून सहा वर्षं झाली होती. आमचा काटा ज्या लोखंडी तुळईला टांगलेला असे, तिच्यावरूनच एके काळी बोल्टांच्या जाळ्या कॅडमियमच्या टाकीत सोडत. टाक्या गेल्या, छप्पर गेलं, मालक गेला. तुळई राहिली आणि माती राहिली. त्या मातीत कॅडमियम इतकं होतं, की माझा पहिला नमुना तपासल्यावर प्रयोगशाळेतून फोन आला होता, हा नमुना मातीचाच आहे ना.

तिथे बाग करायची असं वसाहतीच्या कार्यालयाने ठरवलं आणि ती आखायचं काम माझ्याकडे आलं. मी वनस्पतिशास्त्र शिकलेली. बाहेरून आणलेली शोभेची झाडं त्या मातीत दोन वर्षं टिकली नसती. मी त्याच भागात आपणहून उगवणारी, हालअपेष्टा सोसणारी झाडं निवडली. उतारावर वाळा, त्याच्या मुळांनी माती धरून ठेवायची. वरच्या अंगाला धायटी, निरगुडी, कुडा. कुंपणाला करंज. आणि जागेवरचं सगळं पाणी ज्या नाल्यातून खाडीकडे जायचं, त्याच्या काठाने साठ मीटर रानअळू. अळू मातीतलं कॅडमियम शोषून पानांत आणून ठेवतं. पानं वर्षातून दोनदा कापायची, गोणीत भरायची आणि विषारी कचऱ्याच्या गाडीतून पाठवून द्यायची. दर कापणीला माती थोडी निवळायची. कागदावर हे फार देखणं दिसायचं.

आराखड्याच्या पहिल्याच ओळीत मी लिहिलं होतं, खाण्याजोगं काहीही लावायचं नाही. गावाने आंबे मागितले, मी नाही म्हटलं. करवंदाच्या जाळ्या आपणहून आल्या, त्या उपटायला लावल्या. रानअळवाची खात्री मी दोन पुस्तकांतून करून घेतली होती. दोन्हींत लिहिलं होतं, घशाला तीव्र खाज, अखाद्य.

काम करणाऱ्या पाचही बायका खालच्या वाडीतल्या. इंदूवहिनी शिगवण त्यांच्या मुकादम. पंचावन्नच्या आसपास वय, चौथीपर्यंत शिक्षण, आणि कुठलं रोप जगणार नाही हे माझ्या आठ दिवस आधी त्यांना कळायचं. त्यांचे यजमान गंगाराम एकवीस वर्षं ह्याच कारखान्यात टाकीवर होते. त्या वाफांनी त्यांच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं आणि वास घेणं कायमचं गेलं होतं. एकवीस वर्षं ते कंत्राटीच राहिले. कारखाना बंद झाला तेव्हा पक्क्या कामगारांना थोडंफार मिळालं, ह्यांना काही नाही, कारण ते तिथे कामाला होते असं सांगणारा एक कागदही निघाला नाही.

आम्ही गोण्यांची तोंडं शिवत होतो तेवढ्यात परचुऱ्यांची जीप आली. परचुरे वसाहतीच्या कार्यालयातले, बागेचं काम त्यांच्याकडे होतं. वाईट माणूस नव्हे. घाईत असायचे, इतकंच. त्यांनी सांगितलं की उद्घाटन दसऱ्याला ठरलंय. माझा तीन वर्षांचा अहवाल आणि त्यावर सही महिनाअखेर हवी. अहवाल समाधानकारक असला, की बाग लोकांना खुली होईल आणि ह्या पाचजणींना माळी म्हणून कायम करून घेतलं जाईल.

इंदूवहिनी शिवता शिवता ऐकत होत्या.

"कायम म्हंजे कागदावर का, साहेब?"

"कागदावर," परचुरे म्हणाले. "आगाशे मॅडमची सही झाली की लगेच."

इंदूवहिनींनी माझ्याकडे पाहिलं नाही. सुई तेवढी गोणीच्या आरपार गेली आणि दोरा त्यांनी दातांनी तोडला.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते आणि थकले होते. तीन वर्षं वसाहतीच्या विश्रामगृहातल्या एका खोलीत राहत होते. खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची. आई पुण्याला बहिणीकडे होती आणि दर रविवारी फोनवर एकच विचारायची, अजून किती. मला अहवाल संपवून घरी जायचं होतं. आकडे जुळले, की मी ते पुन्हा उकरून काढत नव्हते.

निघताना इंदूवहिनी म्हणाल्या, परवा ऋषिपंचमी, आमच्याकडे जेवायला या. मागल्या साली डबा धाडला, यंदा पानावर बसा. तो डबा मला आठवला. ऋषीची भाजी होती. मी ती टेबलाशी बसून, कागदांवर सांडणार नाही अशी जपून, चाटूनपुसून खाल्ली होती.

पंचमीला दुपारी मी त्यांच्याकडे गेले. घर लहान, शेणाने सारवलेलं. ओटीवर गणपती, त्याच्यावर रानफळांची माटवी टांगलेली, त्यात कवंडळाची लालभडक फळं. गंगाराम उंबऱ्याशी खांबाला टेकून बसले होते. सून प्रणाली वाढत होती. तिला सातवा महिना होता, एक हात कमरेवर ठेवून ती वाकायची. बागेतल्या बाकीच्या चौघीही आल्या होत्या. सकाळपासून सगळ्यांचा उपास आणि आता हे एकच जेवण.

केळीच्या पानावर वरीचा भात आणि भाजी. पडवळ, भेंडी, लाल माठ, कच्चं केळं, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि अळू, सगळं एकत्र शिजवलेलं, वर ओलं खोबरं. इंदूवहिनींनी मला नियम समजावून सांगितला. आजच्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. शेतातला तांदूळ नाही, नांगरलेल्या जमिनीतलं काही नाही. तेलसुद्धा नाही, कारण तेल घाण्याचं आणि घाण्याला बैल. आता घाणा कुठे राहिला, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, घाणा गेला म्हणून नियम थोडाच जातो.

"बैलाला वर्षातनं एक दिवस सुट्टी," गंगाराम उंबऱ्यावरून म्हणाले. "मानसाच्या कष्टाचं खाऊ नये, असा दिवस कुठं पंचांगात घावला नाय."

"तुमी गप जेवा," इंदूवहिनी म्हणाल्या. "वास येत नाय तर निदान चव तरी घ्या."

"मला काय. अत्तर आनि गोठा सारखाच."

मी दुसरा घास घेतला. भाजी चांगली होती. घास उतरला आणि घशात बारीक टोचल्यासारखं झालं. मी पाणी प्याले. टोचणं गेलं नाही. ती खाज मला ओळखीची होती. तीन वर्षं मी तिचा हातांवर अनुभव घेत होते. रानअळवाच्या पानांत सुईसारखे स्फटिक असतात.

"अळू कुठलं?" मी विचारलं.

बागेतल्या चौघींनी आपापल्या पानात बघितलं. इंदूवहिनी तोंडाला पदर लावून हसल्या.

"रागावनार नाय ना? आपलंच. नाल्यावरचं."

मी हातातला घास पानात ठेवला. त्यांना वाटलं, मी चोरीमुळे रागावले. त्या समजावणीच्या सुरात सांगायला लागल्या. गावात आता नांगर, नाहीतर पॉवर टिलर लागला नाही अशी वीतभर जमीन राहिलेली नाही. परसातसुद्धा टिलर फिरतो. ह्या एकाच जमिनीला कधी नांगर लागला नाही. आधी कारखाना होता, नंतर मी आले आणि सगळी बाग ह्या पाच बायकांनी कुदळीने, हाताने खणली. इतकं शुद्ध अळू उभ्या गावात मिळायचं नाही. पहिल्या वर्षी त्या घरापुरतंच आणणार होत्या, तर शेजारणींनीही मागितलं. तेव्हापासून वाडीतल्या पंधरा घरांत पंचमीला हेच अळू शिजतं. गोणीत भरून खड्ड्यात जाणारच आहे, मग देवाच्या नावाने चार जुड्या गवताखाली घालून नेल्या तर कुणाचं काय जातं. मला सांगायची तेवढी त्यांना लाज वाटली. म्हणून मागच्या वर्षी न सांगताच डबा पाठवला.

नऊ किलो दोनशे, मी मनात म्हटलं. त्याच्या आधी आठ किलो नऊशे. त्याच्या आधी आठ सहाशे.

"ते खाजरं आहे," मी म्हटलं. एवढंच मला सुचलं.

"आमसूल टाकलं की कसली खाज. हिनं यंदा दोनच टाकली," त्या सुनेकडे बघत म्हणाल्या. "शिकंल."

"वहिनी, हे खाऊ नका. कुणीच खाऊ नका."

चौघींचे हात थांबले. मी शक्य तितकं सोपं करून सांगितलं. मातीत जे आहे तेच पानात येतं. ते पानात यावं म्हणूनच हे अळू लावलंय. म्हणूनच ते कापतो, म्हणूनच गोणी शिवतो, म्हणूनच ती गाडी येते.

इंदूवहिनींनी आपलं पान बाजूला सारलं.

"माती वाईट हाय, हे तुमी सांगितलंत," त्या म्हणाल्या. "हात धुवायला लावलात. करवंदं उपटायला लावलीत. अळवाला कदी नाय म्हनाला नाय. आनि पान कुठं मातीत असतं? पान तर वर. पावसानं धुतलेलं."

"मला वाटलं, खाजतं म्हणून कुणी खाणार नाही."

"आमाला वाटलं, वाईट असतं तर ह्या बाईनं लावलंच नसतं."

प्रणाली अजून उभीच होती. भाजीचं पातेलं तिने खाली ठेवलं.

"मी आषाढापासनं खातेय," ती म्हणाली. "मला डोहाळेच अळवाचे. आई रोज येताना दोन पानं आनायच्या."

"रोज?"

"आठवड्यातनं तीन-चारदा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "बाळाला काय होईल?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ते खरं होतं. मी तिला जे ठाऊक होतं ते सांगितलं. एकदोन जेवणांनी काही होत नाही. पण हा धातू शरीरात गेला की मूत्रपिंडांत जाऊन बसतो आणि त्यातला निम्मा बाहेर पडायला वीस-तीस वर्षं लागतात. रक्त आणि लघवी तपासली तर किती साठलंय ते कळेल. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी होते. तशी चिठ्ठी मला द्यावी लागेल.

"माझं नाक गेलं तवाबी डॉक्टर हेच म्हनला," गंगाराम म्हणाले. "माहीत नाय."

भाजीला पुन्हा कोणी हात लावला नाही. अळू नसलेलं पानावर फक्त वरीचा भात होता. चौघींनी तो कोरडाच खाल्ला, कारण उपास सोडायला बसल्यावर तसंच उठता येत नाही.

इंदूवहिनी मला बेड्यापर्यंत, म्हणजे वाडीच्या फाटकापर्यंत, पोचवायला आल्या. बेड्याशी त्यांनी माझं मनगट धरलं.

"बाई, लिवू नका."

"वहिनी..."

"कायमचं नका म्हनत नाय. दसऱ्यापर्यंत. आमी पाची कागदावर येऊ. मग काय लिवायचं ते लिवा."

"प्रणालीच्या तपासणीला चिठ्ठी द्यायची तर कारण लिहावं लागेल. कारण लिहिलं की अहवालातही यायला हवं."

"दुसरं कारण लिवा. तुमाला कारनं सुचत्यात."

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तीन वर्षं त्यांनी मला प्रत्येक गोष्टीचं कारण वहीत लिहिताना पाहिलं होतं.

"बघते," मी म्हटलं.

त्या दुपारी मी खोलीत वही उघडून बसले. तीन वर्षांचे रकाने समोर होते. 'सुकण्यातली घट'. अक्षर स्वच्छ, दशांशचिन्हं एकाखाली एक. मार्गशीर्षात घट नव्हती कारण मार्गशीर्षात ऋषिपंचमी नसते. हे कळायला वनस्पतिशास्त्र लागत नव्हतं. एकदा कुणाला तरी विचारायला हवं होतं, एवढंच.

मी हिशेब केला. पंधरा घरं, वर्षातून एक दिवस, माणशी शंभर-सव्वाशे ग्रॅम. हे फारसं काही नाही. प्रणालीचं वेगळं. प्रणालीला मी स्वतः पुण्याला नेऊन माझ्या ओळखीच्या प्रयोगशाळेत तपासून आणेन, चिठ्ठीशिवाय. अळू उद्याच कुंपण घालून बंद करीन. अहवालात रकाना राहू दे. नंतर, दिवाळीनंतर, पुरवणी टिपण जोडता येईल. पाच बायका कागदावर येतील. कुणाचंच नुकसान नाही. चारच्या सुमाराला परचुऱ्यांचा फोन आला, मॅडम, मजकूर नंतर बारीक बदलला तरी चालेल, सहीचं पान तेवढं आधी द्या. मी म्हटलं, देते.

त्यानंतर मी झोपले. चांगली झोप लागली, हे मला सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. अळवाच्या पट्ट्याला दोरी बांधावी म्हणून मी आठ वाजता जागेवर गेले. पाचहीजणी तुळईखाली बसलेल्या होत्या. समोर पातेली, तपेली, झाकणं फडक्याने बांधलेली, दोन-तीन टोपल्या. इंदूवहिनी उठल्या.

"काटा काढा," त्या म्हणाल्या.

काल संध्याकाळी त्या पंधरा घरं फिरल्या होत्या. प्रत्येक घरात जाऊन त्यांनी सांगितलं होतं की ती भाजी आपणच आणून दिली, ती विषारी आहे, उरलेली परत द्या, गाईला घालू नका, उकिरड्यावर टाकू नका. काहींनी दिली, काहींनी दारातूनच बोलून घेतलं. एका घरी म्हातारीने देवाची भाजी परत देणार नाही म्हणून सांगितलं, तिच्याशी त्यांना अर्धा तास बसावं लागलं.

"तुम्ही काल नको म्हणाला होता," मी म्हटलं.

"म्हनले होते." त्यांनी पहिली टोपली उचलली. "घरी गेले तर हे म्हनाले, माझं नाक कुनी लिवलं असतं तर आज तुला कुदळ मारायला लागली नसती. तेवढंच म्हनाले आनि कूस बदलून झोपले." मग थोड्या वेळाने, "तवा परचुऱ्यांच्या जागी कारखान्याचा साहेब होता. तोबी म्हनायचा, कायम करतो, आधी गप ऱ्हावा."

मी काटा तुळईला टांगला. आधी कच्ची पानं तोलली, एकेका घराची वेगवेगळी. चौघींतल्या शेवंतीबाईंनी नाव सांगायचं, मी लिहायचं, इंदूवहिनींनी काटा बघायचा. त्या दिवशी त्यांनी एकदाही घाई केली नाही. प्रत्येक वेळी काटा पुरता थांबू दिला. कच्ची पानं दोन किलो सहाशे भरली.

मग पातेली. मी म्हटलं, शिजलेल्याचं वजन धरता येणार नाही, त्यात खोबरं आहे, पाणी आहे, दुसऱ्या भाज्या आहेत.

"वेगळं लिवा. पन लिवा."

मी वेगळं लिहिलं. सगळं विषारी कचऱ्याच्या पिवळ्या गोणीत रिकामं केलं. लाल माठ, कणसाचे तुकडे, खोबरं. गोणी इंदूवहिनींनी शिवली, नेहमीसारखीच, जवळजवळ टाके घालून.

"उरलं किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ दोनशेतून दोन सहाशे गेले. सहा किलो सहाशे. त्यातलं थोडं ह्या गोणीत, शिजलेलं."

"आनि बाकीचं पोटात."

"हो."

"ते कुठल्या रकान्यात जातं?"

मी वही उघडली. त्यांच्यासमोर 'सुकण्यातली घट' ह्या शब्दांवर आडवी रेघ मारली. यंदाच्या, मागच्या वर्षीच्या, त्याच्या मागच्या वर्षीच्या. वर लिहिलं, 'खाण्यात गेलं'. त्यांनी विचारलं, काय लिवलंत, वाचा. मी वाचलं.

"कुनाच्या?"

"वाडीतल्या पंधरा घरांच्या, असं लिहिते."

"घरं कशाला? घराची लघवी तपासनार काय? नावं लिवा. नाव नसलं की उद्या म्हनतील, कोन शिगवन, आमाला ठाऊक नाय."

त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले.

ज्या पानाबद्दल मी बोलते आहे ते पान पुढे अहवालाला जसंच्या तसं जोडलं. दसऱ्याचं उद्घाटन झालं नाही. पाचांपैकी कुणीही कागदावर आलं नाही. बागेला पत्र्याचं कुंपण पडलं, अळू उपटलं गेलं, आणि पुढची कामं बाहेरून आणलेल्या ठेकेदाराकडे गेली. परचुऱ्यांनी माझा फोन उचलणं बंद केलं. इंदूवहिनी नंतर आठ वर्षं एका काजूच्या कारखान्यात बिया फोडत होत्या. काजूच्या चिकाने त्यांची बोटं काळी झाली ती शेवटपर्यंत काळीच राहिली. पण त्या पानावर ज्यांची नावं होती त्या सगळ्यांची तपासणी झाली, आणि ज्यांचा आकडा जास्त निघाला त्यांची अजूनही दर वर्षी होते. प्रणालीला मुलगी झाली, जरा कमी वजनाची. ती आता बावीस वर्षांची आहे. तिच्या मूत्रपिंडांत काही दोष नाही, असं मागच्या वर्षीपर्यंतचा अहवाल सांगतो. तिच्या तपासणीची चिठ्ठी अजून त्याच पानाच्या आधारावर निघते.

ते पान आता चर्चासत्रांत पडद्यावर दाखवतात. स्वतःच्या नोंदी स्वतः खोडणारी शास्त्रज्ञ म्हणून माझी ओळख करून देतात. मी आदल्या दुपारी काय ठरवलं होतं, परचुऱ्यांना फोनवर काय म्हणाले होते, हे त्या पानावर कुठेही नाही. ते मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्या सकाळी नावं सांगताना इंदूवहिनी बोटं मोजत होत्या. आधी प्रणाली शिगवण. मग इंदू शिगवण, गंगाराम शिगवण. मग शेवंती मांडवकर, सुलोचना भुवड, हिरा गोरिवले, वनिता पाष्टे, त्यांची मुलं, सासवा, शेजारी. एक्काहत्तर नावं झाली. मी पेन मिटायला लागले.

"अजून एक ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मागल्या साली डबा धाडला होता."

मी पेन उघडलं आणि यादीच्या शेवटी, सगळ्यांच्या खाली, नलिनी आगाशे असं लिहिलं.

पडद्यावर ते पान बघताना लोकांना ती सही वाटते.